वायुवाहिनीची वहिवाट

एका वाचकांनी विचारले आहे की, उच्च दाबाने नैसर्गिक वायू दूरवर नेणाऱ्या वाहिन्यांसाठी जे ‘कॉमन अ‍ॅक्सेस अँड इंटरकनेक्शन रूल्स’ केले जातात, त्यांना मराठीत ‘सामान्य प्रवेश आणि अंतरजोडणी नियम’ म्हणणे बरोबर आहे का. बरोबर नाही. या पाच शब्दांपैकी ‘आणि’ व ‘नियम’ एवढे दोनच शब्द जागेवर आहेत.

‘सामान्य’चा निकाल लवकर लागतो. मराठीत सामान्य म्हणजे ज्यात काही विशेष नाही ते. मूळ शब्दसमूहातील ‘कॉमन’ हे विशेषण नियमांचे आहे. सगळ्या वाहिन्यांना एकच नियम लागू व्हावेत, असा त्याचा अर्थ, म्हणून तेथे ‘समान नियम’ म्हणावे. ‘कॉमन कॅरिअर’मधला ‘कॉमन’ मात्र वेगळा आहे. भारताच्या 2006 सालच्या पेट्रोलियम व नैसर्गिक वायू नियामक मंडळाच्या कायद्यात ही संज्ञा एकाहून अधिक संस्थांना भेदभाव न करता वापरता येणाऱ्या वाहिनीसाठी आहे, आणि तिला ‘सामाईक वाहक’ हाच शब्द शोभतो. अमेरिकेत 1906 च्या हेपबर्न कायद्याने खनिज तेलाच्या वाहिन्यांना सामाईक वाहक ठरवले, पण वायूच्या आणि पाण्याच्या वाहिन्या त्यातून वगळल्या. तेथील वायुवाहिन्या इतरांना खुल्या करण्याचे काम संघीय ऊर्जा नियामक आयोगाच्या 1985 च्या आदेश क्रमांक 436 पासून सुरू झाले आणि 1992 च्या आदेश क्रमांक 636 ने पुढे गेले. ज्या शब्दावरून एवढा काळ वाद चालला, त्याचे भाषांतर ‘सामान्य’ करणे म्हणजे तो वादच पुसून टाकणे होय.

आता ‘प्रवेश’. हा शब्द मला वारंवार ऐकू येतो आणि प्रत्येक वेळी खटकतो. माहितीला प्रवेश, बाजारपेठेला प्रवेश, आणि आता वाहिनीला प्रवेश! प्रवेश माणूस करतो, किंवा एखादी वस्तू एका जागेतून दुसऱ्या जागेत करते. वायुवाहिनीच्या बाबतीत तर हा शब्द नुसता बेडौल नाही, तो चुकीची समजूत करून देतो. युरोपात सध्या वहनक्षमता विकण्याची जी पद्धत आहे तिच्यात वायू जाळ्यात जेथे शिरतो त्या बिंदूची क्षमता वेगळी घ्यावी लागते आणि जेथून बाहेर पडतो त्या बिंदूची वेगळी. म्हणजे ‘प्रवेशबिंदू’ आणि ‘निर्गमबिंदू’ हे शब्द तेथे आधीच लागतात. ‘अ‍ॅक्सेस’लाही प्रवेशच म्हटले, तर ‘प्रवेशबिंदूला प्रवेश नाकारला’ अशी वाक्ये लिहावी लागतील.

मग योग्य शब्द कोणता? तो मराठीत पूर्वीपासून आहे: वहिवाट. दुसऱ्याच्या मालकीची गोष्ट ठरलेल्या रीतीने आणि हक्काने वापरणे हा अर्थ या एका शब्दात भरलेला आहे. वहिवाटीचा हक्क म्हटल्यावर मालकी कोणाची आणि वापर कोणाचा, हे वेगळे समजावून सांगावे लागत नाही.

या शब्दाच्या व्युत्पत्तीबद्दल मात्र मला सविस्तर लिहिलेच पाहिजे, कारण तिच्याविषयी एक सोपी आणि माझ्या मते अगदी उथळ समजूत पसरली आहे. ‘वह’ म्हणजे वाहणे आणि ‘वाट’ म्हणजे रस्ता; म्हणून वहिवाट म्हणजे वाहती, रुळलेली वाट, असे सांगितले जाते. वहिवाटीचा रस्ता सगळ्यांच्या परिचयाचा असल्यामुळे हे ऐकणाऱ्याला लगेच पटते. परंतु हे सांगणाऱ्यांनी त्या शब्दाचे बाकीचे प्रयोग पाहिलेलेच नाहीत. देवस्थानाची वहिवाट असते, वतनाची वहिवाट असते, शेत वहिवाटता येते. यांत रस्ता कोठे आहे? बडोदे संस्थानात महालाचा, म्हणजे तालुक्यासारख्या विभागाचा, कारभार पाहणाऱ्या अधिकाऱ्याला वहिवाटदार म्हणत, आणि तो वाटसरूंची काळजी घेण्यासाठी नेमलेला नव्हता. गुजरातीत ‘वहीवट’ म्हणजे सरळ कारभार, व्यवस्थापन. या सगळ्या प्रयोगांना एकत्र बांधणारी गोष्ट रस्ता नसून वही आहे: हिशेबाची वही, हिंदीतील ‘बही’. ज्याच्या नावाने वहीत नोंद होते, ज्याच्या हातून ती वही चालते, त्याची वहिवाट. रस्त्याची वहिवाट हा त्या मोठ्या अर्थाचा एक तुकडा आहे, मूळ नव्हे. ‘वट’चा ‘वाट’ का झाला, असा आक्षेप येईल. शेजारी ‘वाट’ हा इतका ओळखीचा शब्द उभा असताना बोलणाऱ्यांनी अनोळखी शेवटाला त्याचे रूप दिले, असे माझे ठाम मत आहे; लोक न कळणाऱ्या शब्दांना कळणारे रूप देतात, हे भाषेत नेहमी घडते. रस्त्यावरून व्युत्पत्ती लावणाऱ्यांकडे वहिवाटदाराचे उत्तर नाही, आणि ते मिळेपर्यंत त्यांचे म्हणणे मान्य करण्याचे मला कारण दिसत नाही.

वही मूळ धरली की हा शब्द वायुवाहिनीला किती नेमका बसतो ते पाहण्यासारखे आहे. वाहिनीत दहा कंपन्यांचा वायू असला, तरी तो दहा ठिकाणी वेगवेगळा राहत नाही. एकदा मिसळला की कोणता कोणाचा हे सांगता येत नाही. राहते ती नोंद. समजा, एका जोडबिंदूवर एका कंपनीने पूर्वेकडे 100 एकक ऊर्जेचा वायू नेण्याचे कळवले आणि त्याच दिवशी दुसरीने पश्चिमेकडे 30 एकक नेण्याचे कळवले. प्रत्यक्षात पूर्वेकडे 70 एककच वाहतात. दुसऱ्या कंपनीच्या वायूचा एक कणही पश्चिमेकडे गेलेला नसतो, तरीही तिने वाहिनी पूर्णपणे वापरलेली असते आणि तिचे 30 एकक तिला पलीकडे मिळतात. येथे प्रवेश कोणी केला? कोणीच नाही. वहिवाट मात्र दोघींनी केली, कारण दोघींची नोंद वहीत आहे. वाहिनीच्या मालकाने इतरांना नाकारता कामा नये तो हक्क नेमका या नोंदीचा आहे, आणि भेदभाव न करण्याचे सगळे नियम शेवटी ती नोंद कोणाच्या नावाने, कोणत्या क्रमाने आणि किती आकाराने व्हावी याचेच नियम आहेत.

जोडणीबद्दल थोडक्यात. ‘अंतर’ म्हटले की वाचणाऱ्याच्या मनात लांबी येते, म्हणून ‘अंतरजोडणी’ टाळावी. दोन मालकांच्या वाहिन्या एकमेकींना जोडल्या जातात, तेव्हा ‘परस्परजोडणी’ पुरे. लोखंड जोडण्याला फार नियम लागत नाहीत; दोन वह्या जुळवण्याला लागतात. युरोपीय संघाचा 2015 चा नियम क्रमांक 703 याच कामाचा आहे. दोन्ही बाजूंच्या चालकांनी परस्परजोडणीचा करार करावा. प्रवाहाचे नियंत्रण, राशी आणि गुणवत्ता यांचे मापन, दोन्हीकडे कळवलेल्या आकड्यांची जुळवणी, वायूची वाटणी आणि तंट्यांचा निवाडा या गोष्टी त्यात ठरवाव्यात, असे तो सांगतो. दाब बारमध्ये, ऊर्जा किलोवॅट-तासांत आणि घनमीटर शून्य अंश सेल्सिअसचा, हेही तो ठरवून देतो, कारण एकाने 15 अंशांचा घनमीटर धरला आणि दुसऱ्याने शून्य अंशांचा, तर त्याच वायूचे दोन आकडे होतील आणि वह्या कधीच जुळणार नाहीत. दोन्ही बाजूंना कळवलेले आकडे वेगळे निघाले, आणि चालकांनी दुसरे काही ठरवले नसेल, तर लहान आकडा धरावा अशी त्यात तरतूद आहे. तिला ‘न्यूनतम नियम’ म्हणू नये, कारण त्यावरून किमान मर्यादेचा भास होतो. ‘लहान आकड्याचा नियम’ म्हणावे.

वाहिनी वापरणाऱ्याला काय म्हणावे, हे वाचकांनी विचारलेले नाही, पण तो शब्द या चर्चेतून आपोआप हाती येतो. ‘शिपर’चे ‘जहाजवाला’ असे भाषांतर माझ्या पाहण्यात आले आहे आणि त्यावर लिहिण्यासारखे काही नाही. युरोपीय संघाने 2009 मध्ये वाहिनी चालवणारा आणि वायू विकणारा यांना एकमेकांपासून वेगळे करण्याचा नियम कडक केला, तो यासाठी की ज्याच्या हातात वाहिनी त्याने आपल्याच वायूला झुकते माप देऊ नये. वाहिनीचा चालक आणि वायूचा विक्रेता असे दोघे वेगळे झाल्यावर पहिल्याला ‘वाहिनीचालक’ आणि दुसऱ्याला ‘वहिवाटदार’ म्हणावे. बडोद्याचा वहिवाटदार कारभार पाहत असे आणि हा वापर करतो, एवढा अर्थाचा सरकाव मला मान्य आहे, कारण वहिवाटणे या क्रियापदात कारभार आणि उपभोग हे दोन्ही अर्थ आधीपासून एकत्र नांदत आहेत.