पास काढला तरी ट्रेल बंद का? एका ग्रूमरवाल्याचं उत्तर

तुमची तक्रार थोडक्यात अशी: नवीन स्लेड, म्हणजे बर्फावर चालणारी स्नोमोबिल घेतली, नोंदणी केली, अमेरिकेतल्या विस्कॉन्सिन राज्याचा ट्रेल पास, म्हणजे स्नोमोबिलच्या वाटांवर जायचा परवाना चिकटवला, मिलवॉकीहून चार तास ट्रेलर ओढत उत्तरेला विलास काउंटीत (काउंटी म्हणजे आपल्याकडच्या जिल्ह्यासारखी) पोचलात. समोर ढीगभर बर्फ आणि फाटकावर ‘बंद’ची पाटी. मग आपले पैसे जातात कुठे, आणि सरकार या कामाला पगारी माणसं का ठेवत नाही?

चिडणं साहजिक आहे. मी चौदा हिवाळे इथल्या स्नोमोबिलवाल्यांच्या एका छोट्या, बिनपगारी क्लबात आहे, त्यातले नऊ ग्रूमरवर, म्हणजे ट्रेलवरचा बर्फ सपाट आणि घट्ट करणाऱ्या मशीनवर. असे फोन मीच घेतो, त्यामुळे शिव्यांचा सराव आहे.

आधी पाटीबद्दल. बर्फ पडला म्हणजे ट्रेल उघडला असं नसतं. उत्तरेकडे बरेच ट्रेल दलदलीतून जातात. थंडी मुरायच्या आत आठ-दहा इंच बर्फ पडला, तर तो दलदलीवर गोधडीसारखा बसतो आणि खालचं पाणी गोठूच देत नाही. मग आम्ही दोघं-तिघं हलक्या स्लेड घेऊन तो बर्फ तुडवतो, म्हणजे गारवा खाली उतरतो. त्यावर नऊ-दहा टनांचा ग्रूमर जाईपर्यंत दोन आठवडे लागू शकतात. एकदा घाई केली आणि मशीन पोटापर्यंत चिखलात रुतलं. ते काढायला आलेल्या गाडीचं बिल क्लबाने वर्षभर फेडलं.

आता पैसे. राज्यात सुमारे २५,००० मैलांचे ट्रेल आहेत आणि ते क्लब सांभाळतात. हा पैसा सर्वसाधारण करांतून येत नाही, स्नोमोबिलवाल्यांच्याच खिशातून येतो: नोंदणीचे दोन वर्षांचे ३० डॉलर, ट्रेल पास, आणि तुम्ही भरलेल्या पेट्रोलवरचा कर. पेट्रोलचा हिशोब मजेशीर आहे. प्रत्येक नोंदलेली स्लेड वर्षाला ५० गॅलन पिते असं कायदाच धरून चालतो. त्याला गॅलनमागच्या ३०.९ सेंट कराने गुणायचं, वर ४० टक्के घालायचे. म्हणजे एका स्लेडमागे साडेएकवीस डॉलरच्या आसपास. फेब्रुवारीच्या शेवटच्या दिवशी जितक्या स्लेड नोंदलेल्या, तितकं माप.

हा पैसा डीएनआर, म्हणजे राज्याचं नैसर्गिक संसाधन खातं, काउंटीला देतं आणि काउंटी क्लबाला. देखभालीची मर्यादा मैलामागे वर्षाला ३०० डॉलर. म्हणजे एका मैलाला चौदा स्लेडचा पेट्रोल कर. त्यात गवत कापणं, फांद्या छाटणं, पाट्या, वाट दाखवणाऱ्या खुंट्या, पुलांची किरकोळ डागडुजी आणि हिवाळाभर ग्रूमिंग. बर्फ भरपूर पडला आणि ग्रूमिंगचा खर्च वर गेला तर पुरवणी रक्कम मिळते, पण मागणारे जास्त झाले की तीच भाकरी वाटून खायची. नवा पट्ट्यांवर चालणारा ग्रूमर आणि त्याच्यामागे ओढायचा ड्रॅग घ्यायचा तर अडीच-तीन लाख डॉलर लागतात. म्हणून आमच्यासारखे क्लब कुणाचातरी जुना घेतात आणि दर उन्हाळ्यात उघडून बसतात. उरलेली भर पॅनकेकच्या न्याहारीतून आणि लॉटरीतून.

केंद्राकडूनही थोडं येतं. रिक्रिएशनल ट्रेल्स प्रोग्रॅमचा ३० टक्के वाटा मोटरवाल्या वाटांसाठी राखीव असतो, पण त्यात एटीव्ही, म्हणजे खडबडीत वाटांवरच्या छोट्या चारचाकी, आणि मोटरसायकलवालेही रांगेत.

कागदपत्रांचं तर विचारू नका. ग्रूमरवर जीपीएस, आणि प्रत्येक तास ‘स्नार्स’ नावाच्या संगणक प्रणालीत भरायचा. आमच्या खजिनदारबाई ७३ वर्षांच्या आहेत, त्या हे करतात. त्या थांबल्या की पुढे कोण, हा विषय दर बैठकीत निघतो आणि दर बैठकीत सगळे कॉफी आणायला उठतात.

पैसे दुप्पट केले तरी सुटणार नाही अशी गाठ आहे ती ही. ग्रूमिंग रात्री करतात, कारण थंडीत बर्फ घट्ट बसतो आणि वर्दळ नसते. ताशी सहा-सात मैलांचा वेग. ड्रॅगची पाती उंचवटे कापतात, बर्फ घुसळतात, मागचा तवा दाबतो. मग दोन-तीन तास कुणी त्यावर जाऊ नये. चाळीस मैलांची फेरी म्हणजे संध्याकाळी आठला बसलेला माणूस पहाटे दोन-तीनला उतरतो. आठवड्यात दोनदा, कधी तीनदा. सकाळी नोकरी असलेल्या तिशीतल्या माणसाला हे कसं जमणार? आमच्याकडे चालवणारे चार. मी ५२ वर्षांचा आणि चौघांत सर्वांत लहान. मागच्या शनिवारी रात्री बाराला घासलेला ट्रेल साडेबाराला दहा-बारा जणांच्या टोळक्याने उकरून ठेवला. परत येताना हेडलाइटमध्ये ते खड्डे बघत बसलो.

त्याहून नाजूक गोष्ट जमिनीची. ट्रेलचा बराच मोठा भाग खासगी शेतांतून जातो. मनोरंजनासाठी वाट दिली म्हणून शेतकऱ्यावर अपघाताचा दावा लागू नये, असं संरक्षण राज्याच्या कायद्यात आहे. पण परवानगी द्यायची की नाही हे त्याच्या मनावर. शेताच्या बांधावरून वाट मागणं काय असतं हे आपल्याला वेगळं सांगायला नको. सप्टेंबरात आमचा एक जण घरोघर जातो, स्वयंपाकघरातल्या टेबलाशी बसतो, मक्याच्या भावावर अर्धा तास बोलतो आणि मग हळूच कागद पुढे करतो. पगारी सरकारी माणूस फाइल घेऊन गेला तर यातल्या निम्म्या लोकांनी दारही उघडलं नसतं. पगारी माणसं का नाहीत, याचं माझं उत्तर पैशाआधी हे आहे.

तीन वर्षांपूर्वी एका शेतात खुंट्या सोडून कुणीतरी लसूणघासावरून स्लेड नेल्या. बर्फ पातळ होता. वसंतात त्या पट्ट्यात घास उगवलाच नाही, दोन पिवळ्या चाकोऱ्या रस्त्यावरून दिसायच्या. म्हातारबाबांनी आवाजही चढवला नाही. आमच्या खुंट्या मोळी बांधून क्लबाच्या दारात ठेवल्या, एवढंच. पाऊण मैलाची वाट गेली. तिला वळसा घालायला नवीन तीन परवानग्या आणि एक छोटा पूल लागला. दोन हंगाम ट्रेल तुटलेला होता. तुम्ही ज्या पाटीपाशी थांबलात, तिथे असं काही असू शकतं.

२०२३-२४ चा हिवाळा आठवा. राज्याच्या नोंदीतला सर्वांत उबदार. बर्कबायनरची प्रसिद्ध स्की शर्यतसुद्धा मशीनच्या बर्फाच्या १० किलोमीटरच्या वर्तुळात उरकावी लागली. आमचा ग्रूमर शेडमधून जेमतेम बाहेर आला. पण छाटणी, पाट्या, विमा, परवानग्या हे सगळं नेहमीसारखंच झालं होतं, आणि वर लोक वैतागून नोंदणी टाळतात ते निराळंच. असे दोन हिवाळे लागोपाठ आले तर माणसं गळतात, आणि गळलेली परत येत नाहीत.

तुमच्यापुरतं सांगायचं तर निघण्यापूर्वी काउंटीचा ट्रेल अहवाल बघत जा, उघडणं-बंद करणं काउंटी ठरवते. दुसरं, क्लबाचे सदस्य व्हा. क्लब आणि राज्य संघटनेचं सदस्यत्व असेल तर पास १० डॉलरला पडतो, नाहीतर ३०. आमची छाटणी ऑक्टोबरात सुरू होते आणि हरणांच्या शिकारीच्या हंगामाआधी संपवावी लागते. करवत आमच्याकडे आहे. हातमोजे मात्र स्वतःचे आणा, क्लबाचे सगळे एकाच हाताचे उरलेत.