दाढीवाली सुरई आणि आजीची बरणी

प्रश्न : पश्चिम ऑस्ट्रेलियाच्या किनाऱ्याजवळ 1656 साली फुटलेल्या ‘व्हर्गुल्डे ड्राएक’ या डच जहाजाचे अवशेष 1963 साली सापडले. त्यातील, मानेवर दाढीवाल्या माणसाचा चेहरा असलेल्या सुरईचे छायाचित्र पाहिले. तीनशे वर्षे समुद्रात राहून ती टिकली कशी, आणि अशी भांडी वर काढल्यावर पुन्हा पाण्यातच का ठेवतात? आमच्या आजीच्या लोणच्याच्या बरणीला तडा गेलेल्या जागी पांढरी भुकटी सुटते. तिचा याच्याशी काही संबंध आहे काय?
— एक वाचक, अंबाजोगाई

उत्तर : संबंध आहे, आणि तो मिठाचा आहे.

या सुरयांना जर्मन भाषेत ‘बार्टमान’, म्हणजे दाढीवाला, असे म्हणतात. कोलोनजवळच्या फ्रेखेन गावचे कुंभार त्या मोठ्या प्रमाणावर घडवीत. चेहरा वेगळ्या साच्यात दाबून तो ओल्या मानेवर चिकटवला जाई, आणि पोटावर बहुधा एखाद्या शहराच्या किंवा घराण्याच्या मानचिन्हाचा गोल ठसा असे. सोळाव्या शतकातील चेहरे रेखीव आहेत. पुढच्या शतकात मात्र ते इतके घाईचे झाले, की काहींचे तोंड म्हणजे नुसत्या रेघांची जाळी दिसते. इंग्रजांनी या सुरयांना कॅथलिक चर्चचे वरिष्ठ धर्मगुरू कार्डिनल बेलार्मिन (1542–1621) यांचे नाव चिकटवले; गंमत अशी, की त्यांच्या जन्माआधीपासूनच असे चेहरे घडत होते.

भट्टी सुमारे 1200 अंश सेल्सिअसच्या वर तापली, की कुंभार तीत मीठ टाकीत. त्याची वाफ होऊन तीतील सोडियम मातीतील सिलिकाशी संयोग पावे आणि भांड्यावर काचेचा पातळ थर चढे. संत्र्याच्या सालीसारखा खडबडीतपणा त्यामुळेच येतो. मुख्य म्हणजे एवढ्या उष्णतेत मातीचे कण एकमेकांत वितळून घट्ट होतात, म्हणून साधे मडके पाणी शोषते, तशी ही सुरई शोषत नाही. आपली लोणच्याची बरणीही साधारण याच जातीची.

तरीही टवका उडालेल्या किंवा तडा गेलेल्या जागेतून खारे पाणी आत शिरतेच. भांडे उघड्यावर वाळू दिले, तर आतल्या मिठाचे स्फटिक फुगतात आणि झिलईचे पापुद्रे सुटतात. माळवदाच्या घराच्या भिंतीला लोणा लागून पोपडे पडतात, तसाच हा प्रकार. म्हणून अशी भांडी ओलीच ठेवून गोड्या पाण्यात बुडवतात आणि ते पाणी कित्येक आठवडे, कधी महिनोन्‌महिने, बदलत राहतात. काढलेल्या पाण्यात सिल्व्हर नायट्रेटचे थेंब टाकल्यावर ते दुधाळ झाले, तर मीठ अजून निघते आहे असे समजतात.

आपल्या बरणीच्या तड्यात लोणच्याचे मीठ मुरलेले असावे. पांढरी भुकटी मऊ कुंचल्याने झाडावी आणि बरणी स्वच्छ पाण्यात बुडवून रोज पाणी बदलावे. व्हिनेगर किंवा आम्ल वापरू नये, आणि बोअरचे पाणी तर मुळीच नको. आपल्याकडे ते बहुधा स्वतःच क्षारयुक्त असते. साठवलेले पावसाचे पाणी उत्तम. भुकटी थांबली, तरी तडा गेलेल्या बरणीत पुन्हा लोणचे घालू नये.