मुलांच्या झोपेवर दूरस्थ उपचार : प्रशिक्षण कसे असावे?

प्रश्न : मी भारतीय पुनर्वास परिषदेकडे नोंदणी असलेली चिकित्सालयीन मानसशास्त्रज्ञ असून ऐरोलीत काम करते. मूल रात्री लवकर झोपत नाही किंवा सारखे उठते, या तक्रारीसाठी मुरबाड-शहापूरकडचे पालकही आता व्हिडिओ कॉलवर वेळ मागतात. दोन दिवसांचा ऑनलाइन अभ्यासक्रम यासाठी पुरेल का?

उत्तर : माहितीपुरता पुरेल; उपचारांसाठी नाही. तीन ते पाच वर्षांच्या मुलाला दुपारच्या झोपेसह १० ते १३ तास आणि सहा ते बारा वर्षांच्या मुलाला ९ ते १२ तास झोप लागते, हे व्याख्यानातून कळते. मात्र कोणते मूल पडद्यावरून हाताळायचे नाही, ही पारख अनुभवी तज्ज्ञाच्या देखरेखीखाली केसेस पाहूनच येते. रोज घोरणारे, झोपेत श्वास अडखळणारे मूल आधी कान-नाक-घसा तज्ज्ञांकडे गेले पाहिजे. झोपेत आकडीसारखे झटके येत असतील तर मेंदूविकारतज्ज्ञांकडे. आणि अंथरुणात पाय स्थिर ठेवू न शकणाऱ्या मुलाचे लोह डॉक्टरांकडून तपासून घ्यावे लागते. म्हणून पालकांकडून झोपलेल्या मुलाचे मोबाइलवरील चित्रण मागवणे आणि ते नीट पाहणे, हा प्रशिक्षणाचा भाग हवाच.

पुढचे काम बहुतांशी पालकांबरोबरचे असते, आणि तेथे कॅमेरा उपयोगी पडतो, कारण घर दिसते. समजा, कळव्यातील वन रूम किचनमध्ये आई चार वर्षांच्या मुलाला नऊ वाजता झोपवू पाहते, पण बाबा रात्री उशिराच्या एखाद्या लोकलने घरी पोहोचेपर्यंत, म्हणजे अकरापर्यंत, ते टक्क जागे असते. या घराला 'मुलाला वेगळ्या खोलीत झोपवा' हा पुस्तकी सल्ला निरुपयोगी आहे. त्याऐवजी काही दिवस मुलाला अकराच्या सुमारासच अंथरुणावर न्यावे, सकाळी उठण्याची वेळ मात्र ठरलेली ठेवावी आणि झोप पटकन लागू लागली की दर दोन-तीन दिवसांनी रात्रीची झोपायची वेळ पंधरा मिनिटांनी अलीकडे आणावी. बाबांची भेट सकाळवर न्यावी. हे सांगणे सोपे, पण आजीचा विरोध आणि आईचा थकवा सांभाळून ते तडीस नेणे हेच खरे कौशल्य आहे.

पालक मेलाटोनिनच्या (झोपेच्या संप्रेरकाच्या) गोळ्यांविषयी हमखास विचारतील. औषध सुचवणे आपल्या कक्षेत येत नाही. २०२० ची टेलिमेडिसिनची मार्गदर्शक तत्त्वेही नोंदणीकृत डॉक्टरांसाठी आहेत. तेव्हा बालरोगतज्ज्ञांशी संधान आधीच बांधून ठेवावे.

अभ्यासक्रमाची फी भरण्यापूर्वी आयोजकांना एवढेच विचारा : पालकांच्या संमतीने ध्वनिचित्रमुद्रित केलेली माझी सत्रे आणि दोन आठवड्यांची झोपेची नोंदवही कोण तपासणार, आणि किती वेळा?