ओबामांकडे २००९ मध्ये ६० सिनेटर होते, तरी आरोग्य विम्याच्या कायद्यातून, म्हणजे ओबामाकेअरमधून, सरकारी विम्याचा पर्याय का गळला? कंपन्यांनी पक्षच विकत घेतला होता का?

अख्खा पक्ष विकत घेतला असं मी नाही म्हणणार, कारण त्याची गरजच नव्हती. साठातले शेवटचे चार-पाच जण अडून बसले तरी काम होत होतं, आणि ते चार-पाच जण कुठल्या राज्यांतून निवडून येत होते हे बघितलं की बरंच काही कळतं.

आधी आकड्यांचं बघा. सिनेटमध्ये १०० जण, विधेयक पास व्हायला साधं बहुमत पुरतं, पण विरोधकांनी चर्चा ताणत ठेवली तर ती थांबवायला ६० मतं लागतात. रिपब्लिकनांचे सिनेटमधले नेते मिच मॅककॉनेल यांनी आपला पक्ष इतका घट्ट बांधून ठेवला होता की मेन राज्याच्या ऑलिंपिया स्नो यांनी ऑक्टोबरमध्ये फायनान्स कमिटीत एकदा बाजूने मत दिलं आणि शेवटी त्याही विरोधात गेल्या. म्हणजे डेमोक्रॅट्सना आपले साठच्या साठ लागणार, एकही कमी चालणार नाही. २४ डिसेंबरला भल्या सकाळी विधेयकावर मतदान झालं तेव्हा ९२ वर्षांचे रॉबर्ट बर्ड व्हीलचेअरवरून आले आणि नुकत्याच गेलेल्या टेड केनेडींचं नाव घेऊन त्यांनी 'हो' म्हटलं. ६० विरुद्ध ३९. इतक्या काठावरची गोष्ट असेल तर प्रत्येक सिनेटरच्या हातात नकाराधिकार असतो, आणि लॉबिंग करणाऱ्यांना हे तुमच्याआमच्यापेक्षा चांगलं माहीत असतं. त्या एका वर्षात आरोग्य क्षेत्राने लॉबिंगवर ५० कोटी डॉलरच्या वर खर्च केला.

आता सरकारी पर्याय म्हणजे काय तर खासगी विम्याच्या शेजारी सरकारचाही एक विमा बाजारात ठेवायचा, ज्याला हवा तो घेईल. ६५ वर्षांवरच्या लोकांसाठी मेडिकेअर ही सरकारी विमा योजना आहेच, ती हॉस्पिटलांना खासगी कंपन्यांपेक्षा कमी दर देते, तसेच दर इथे लावले असते तर प्रीमियम खाली आले असते आणि कंपन्यांना धडकी भरली ती त्यामुळेच. हॉस्पिटलांच्या संघटनांनी जुलै २००९ मध्ये दहा वर्षांत १५५ अब्ज डॉलरची कपात मान्य केली आणि त्या बदल्यात मेडिकेअरच्या दराचा सरकारी विमा नको ही त्यांची अपेक्षा होती, हे तेव्हाच वर्तमानपत्रांत छापून आलं होतं.

सिनेटमध्ये हा पर्याय उघडपणे अडवला तो जो लिबरमननी. हे कनेक्टिकटचे, आणि तिथलं हार्टफर्ड म्हणजे विमा कंपन्यांचं गाव, एट्ना तिथलीच. २००६ मध्ये स्वतःच्याच पक्षाच्या प्रायमरीत, म्हणजे उमेदवार ठरवायच्या निवडणुकीत हरून ते अपक्ष म्हणून निवडून आलेले, त्यामुळे पक्षाचं त्यांच्यावर काही चालत नव्हतं. सरकारी पर्याय नको म्हणाले. मग तडजोड म्हणून ५५ वर्षांपासून मेडिकेअर विकत घेता यावी असं सुचवलं तर त्यालाही नाही म्हणाले, आणि ही कल्पना त्यांनी स्वतः तीनच महिने आधी एका स्थानिक वर्तमानपत्राशी बोलताना उचलून धरली होती! नेब्रास्काचे बेन नेल्सन राजकारणात येण्याआधी विमा कंपनीत वरच्या पदावर होते, तेही शेवटपर्यंत ताणून बसले. याला लाच म्हणता येत नाही. ज्या राज्यात हजारो लोकांचे पगार त्या धंद्यातून येतात तिथल्या सिनेटरला कंपनीने फोन करायचीही गरज पडत नाही.

पण सगळं खापर लिबरमनवर फोडणंही मला पटत नाही. मार्च २०१० मध्ये कायद्यातल्या दुरुस्त्या रिकन्सिलिएशन नावाच्या अर्थसंकल्पी वाटेने आणल्या, तिथे चर्चा ताणता येत नाही, त्यामुळे ५१ मतं पुरत होती. बऱ्याच डेमोक्रॅट सिनेटरांनी पत्रावर सह्या करून मागणी केली की निदान आता तरी सरकारी पर्याय घाला, तरी व्हाइट हाउसने तो प्रस्तावात घेतलाच नाही. पक्षाच्या नेतृत्वालाच तो तितका प्राणप्रिय नव्हता असा मी त्याचा अर्थ लावते.

औषधांच्या बाबतीत जे झालं ते मला जास्त लागतं, कारण ते आमच्या दारातलं आहे. मी न्यू जर्सीत राहते, मर्क, जॉन्सन अँड जॉन्सन सगळ्या इथल्या, आमच्या ओळखीतली कितीतरी मराठी घरं औषध कंपन्यांच्या पगारावर उभी आहेत. बिली टॉझिन नावाचे लुईझियानाचे खासदार होते, आधी डेमोक्रॅट, मग रिपब्लिकन. २००३ मध्ये मेडिकेअरमध्ये औषधांचा समावेश करणारा कायदा आणण्यात त्यांचा मोठा हात, आणि त्याच कायद्यात मेडिकेअरने कंपन्यांशी भावाची घासाघीस करायची नाही असं कलम. २००५ मध्ये हेच टॉझिन औषध कंपन्यांच्या फार्मा या संघटनेचे प्रमुख झाले. ओबामांनी २००८ च्या प्रचारात त्यांच्यावर अख्खी जाहिरात केली होती की हा खेळ मी बंद करणार. आणि जून २००९ मध्ये त्याच टॉझिनबरोबर व्हाइट हाउसचा सौदा झाला, कंपन्या दहा वर्षांत ८० अब्ज डॉलर सोडतील आणि सरकार भावाची घासाघीसही करणार नाही, कॅनडातून स्वस्त औषधं आणायलाही परवानगी देणार नाही.

डिसेंबरमध्ये कॅनडाला लागून असलेल्या नॉर्थ डाकोटाचे डेमोक्रॅट बायरन डॉर्गन यांनी नेमकी हीच आयातीची दुरुस्ती आणली. रिपब्लिकन जॉन मॅकेन त्यांच्या बाजूने होते, म्हणजे इथे पक्षाची भिंत राहिलीच नाही, दोन्हीकडचे लोक दोन्हीकडे फुटले. ५१ मतं बाजूने, ४८ विरोधात, आणि लागत होती ६०. विरोधात कोण, तर डेलावेअरचे टॉम कार्पर, आमचे न्यू जर्सीचे दोघे डेमोक्रॅट सिनेटर लाउटेनबर्ग आणि मेनेंडेझ. आमच्याकडे भारतातून आई-बाबा येतात तेव्हा चकलीच्या डब्याशेजारी बीपीच्या गोळ्यांच्या सहा महिन्यांच्या स्ट्रिपा असतात, इथे त्या घ्याव्या लागल्या तर काय होईल हे त्यांनाही माहीत आहे. आणि ज्यांना आम्ही मत देतो त्यांनीच ही वाट बंद ठेवली.

विमा कंपन्या तर दोन्हीकडून खेळल्या. त्यांची एएचआयपी ही संघटना व्हाइट हाउसमध्ये बसून आम्हाला सुधारणा हवीय म्हणत होती, आणि त्याच वर्षी तिने उद्योगांच्या यूएस चेंबर ऑफ कॉमर्स या संघटनेला ८ कोटी ६२ लाख डॉलर दिले, विधेयकाच्या विरोधातल्या प्रचारासाठी. हे उघड झालं नोव्हेंबर २०१० मध्ये, कायद्यावर सही होऊन आठ महिने उलटल्यावर. मला यातली सगळ्यात वाईट गोष्ट हीच वाटते, निवडणुकीतल्या देणग्या निदान नोंदीत तरी दिसतात, हा पैसा लोकांना मत बनवायच्या वेळी दिसलाच नाही.

तरी एक सांगते, मी तिथे असते तर मीही बाजूनेच मत दिलं असतं. आधीपासून आजार आहे म्हणून विमा नाकारायचा हे २०१४ पासून बंद झालं, आणि डायबेटिस असलेल्या माणसाला नोकरी गेल्यावर दारोदार फिरावं लागायचं ते दिवस मी ओळखीच्या घरांत बघितलेत. १९९४ मध्ये क्लिंटन यांची आरोग्य विम्याची योजना सिनेटमध्ये मताला टाकायच्या आधीच मेली, विमा कंपन्यांनी 'हॅरी आणि लुईस' नावाच्या जोडप्याच्या टीव्ही जाहिराती करून लोकांना घाबरवलं होतं, त्याचा धसका ओबामांच्या माणसांनी घेतला होता आणि म्हणून त्यांनी आधी कंपन्यांना गप्प करायचं ठरवलं. धसका मला समजतो. पण औषधांच्या बाबतीत त्यांनी फार लवकर आणि फार जास्त देऊन टाकलं असं माझं मत आहे.

मेडिकेअरला भाव पाडून मागायचा हक्क मिळाला तो २०२२ मध्ये, ५१ विरुद्ध ५० मतांनी, तेव्हाच्या उपाध्यक्ष कमला हॅरिस यांच्या निर्णायक मतावर, एकाही रिपब्लिकनशिवाय. त्याच्या आदल्या वर्षी हाउसच्या, म्हणजे संसदेच्या दुसऱ्या सभागृहाच्या, एका कमिटीत तीन डेमोक्रॅट्सनीच आधीचा जास्त कडक प्रस्ताव अडवला होता, त्यातले एक बायोटेक कंपन्यांनी भरलेल्या सॅन डिएगोचे. पहिल्या फेरीत फक्त दहा औषधं घेतली आणि त्यांचे ठरलेले भाव लागू व्हायची तारीख १ जानेवारी २०२६. सरकारी विम्याचा पर्याय देशपातळीवर अजूनही नाही. वॉशिंग्टन राज्याने २०२१ पासून आपल्यापुरता काढला, पण तोही खासगी कंपन्यांच्याच हातून चालतो आणि सुरुवातीला बऱ्याच हॉस्पिटलांनी त्यात यायला नकार दिला, दर कमी पडतात म्हणून.