डुकराच्या डोक्याचा राजा

अनेक आशीर्वाद.

बालीतल्या बेडाहुलूच्या राजाला खरंच डुकराचं डोकं होतं का, असं तू विचारलंस. तो प्रश्न तूर्त बाजूला ठेव. ही गोष्ट पहिल्यांदा कुणाच्या वाड्यात रंगली असेल, ते आधी शोध.

गोष्ट अशी: राजा तपाच्या बळावर स्वतःचं डोकं उतरवून पुन्हा धडावर बसवायचा. एकदा ते नदीत वाहून गेलं आणि घाबरलेल्या सेवकानं हाताशी सापडलेलं डुकराचं डोकं बसवलं. तेव्हापासून राजा उंच मनोऱ्यात बसे. त्याच्यासमोर मान वर करायची सक्त मनाई. जावाच्या मजापहित राज्याहून आलेल्या गजह मदा या प्रधानानं जेवणात नेच्याची लांब भाजी मागितली आणि ती गिळायच्या निमित्तानं मान वर करून राजाचं तोंड पाहून घेतलं.

मजापहितनं बाली जिंकली १३४३ मध्ये. १३६५ मध्ये त्यांच्या दरबारी कवीनं ‘नागरकृतागम’ रचलं. त्यात बालीच्या त्या राजाला लावलेली विशेषणं वाच: ‘दुःशील’ आणि ‘नीच’. मराठी माणसाला त्यासाठी कोश उघडावा लागत नाही. राजधानीचं नावही लोक तसंच फोडतात: बेडा म्हणजे आपला भेद, हुलू म्हणजे डोकं. पुढे बालीतल्या गेलगेल आणि क्लुंगकुंगच्या राजांनी आपलं मूळ मजापहितशी जोडलं. त्यांच्या आधीचा राजा माणसासारखा दिसून कसं चालेल?

पण एवढ्यावर थांबू नकोस. डोकं उतरवून परत बसवण्याइतकं तप त्या राजाकडे होतं, हेही याच गोष्टीत आहे, आणि डुकराची चूक सेवकाची आहे. मला इथे हरलेल्यांचा आवाज ऐकू येतो. जेत्यांच्या गोष्टीत त्यांनी आपल्या राजाची शक्ती जपून ठेवली.

बालीतल्या रांगडा या चेटकिणीची कथाही अशीच वाच. तिथल्या भाषेत रांगडा म्हणजे विधवा. आपल्याकडे शिवी झालेला ‘रांड’ हा शब्द त्याच संस्कृत मुळाचा. या चेटकिणीत लोक महेंद्रदत्तेला पाहतात. ती जावाची राजकन्या, बालीच्या उदयन राजाची राणी. दहाव्या शतकाच्या अखेरच्या त्यांच्या कोरीव लेखांत तिचं नाव नवऱ्याच्या आधी येतं! एवढी सत्ता हाती असलेली परकी बाई कथेत चेटकीण व्हावी, याचं मला फार वाईट वाटतं. पूजेत मात्र वेगळंच घडलं. बालीतल्या कुत्री (Kutri) नावाच्या गावच्या देवळातली महिषासुरमर्दिनी तिचीच मूर्ती मानतात. रांगडाचा मुखवटा स्मशानाजवळच्या दुर्गेच्या देवळात नैवेद्य दाखवून जपतात. नाचात बारोंग या रक्षक प्राण्याशी तिची झुंज दर वेळी होते, पण ती मरत नाही. कथेनं हाकललेल्या बाईला विधीनं राखणदार केलं.

बालीच्या मयदानव राजाची गोष्ट त्यामानानं सरळ आहे. पूजा बंद करणाऱ्या या राजाला इंद्र मारतो आणि सैन्य जगवायला तीर्त एम्पुलचा झरा काढतो. पूजा मोडणाऱ्याचं राज्य टिकत नाही, ही दर २१० दिवसांनी येणाऱ्या गालुंगान सणाची आठवण प्रत्येक नव्या राजालाही ऐकावी लागत असणार.

बेडाहुलूला, म्हणजे आजच्या बेडुलूला जाशील तेव्हा लगेच वही काढू नकोस. देवळाच्या पुजाऱ्यापाशी बस, वेळ जाऊ दे, मग त्या राजाचा विषय काढ. तो डुकराच्या डोक्यापासून सुरुवात करतो की तपापासून, ते मला कळव.