अर्कचित्रकाराला विचारा : टोपाखालची जिवणी

सुपरहिरो झालेल्या नटांची मी काढलेली अर्कचित्रं, म्हणजे चेहऱ्याची खासियत ताणून काढलेली चित्रं, पाहून वाचकांनी बरेच प्रश्न पाठवले. त्यातले काही इथे घेतो.

बॅटमॅनचा अर्धा चेहरा टोपात जातो. मग आत कुठला नट आहे, हे दाखवता कसं?

उरलेल्या अर्ध्यावर. जिवणी, हनुवटी आणि जबडा एवढंच बाहेर राहतं आणि माझं पोट त्यावरच भरतं. मायकेल कीटनचा (१९८९ चा बॅटमॅन) वरचा ओठ नीट पाहा. मधोमध टोकदार खाच आणि दोन्हीकडून कमान. खरं तर त्याची खासियत भुवया, पण त्या टोपाखाली गेल्या, म्हणून सगळा जोर मी ओठावर काढतो. तो टोप मानेशी जोडलेला होता, नुसती मान वळवायची सोय नव्हती. कीटन वळायचा तो अख्ख्या धडासकट. त्यामुळे त्याला मी मान देतच नाही, डोकं थेट खांद्यांत रोवतो. क्रिश्चन बेलला 'द डार्क नाइट'मध्ये (२००८) मान वळवता येईल असा टोप मिळाला, म्हणून त्याला मान द्यावीच लागते. १९६६ च्या टीव्ही मालिकेतल्या अ‍ॅडम वेस्टच्या तर टोपावरच भुवया रंगवलेल्या होत्या. असलं आयतं घबाड कोण सोडेल?

पण कच्चं रेखाटन मी नेहमी पोशाखाशिवाय करतो. नुसता चेहरा ओळखू आला तरच टोप आणि झगा चढवायचा. वटवाघळाचे दोन कान काढले की शेंबडं पोरही 'बॅटमॅन!' म्हणेल. त्यात माझं कर्तृत्व काय?

ख्रिस्तोफर रीव्हसारखा देखणा चेहरा वेडावाकडा करायला हात धजतो?

देखण्या माणसांचा त्रास असतो खरा. सगळंच प्रमाणात असलं की पेन्सिलीला धरायला जागा सापडत नाही. पण रीव्हने माझं काम त्याच्या अभिनयातच करून ठेवलंय. १९७८ च्या 'सुपरमॅन'मध्ये सहकारी पत्रकार लोइसच्या घरी तो क्लार्क केंट म्हणून, म्हणजे सुपरमॅनच्या साध्या माणसाच्या सोंगात, पोक काढून उभा असतो. ती आत गेलेली. तो चष्मा उतरवतो, पाठ ताठ होते, खांदे रुंदावतात, आवाजसुद्धा खाली उतरतो. आता हा सगळं सांगून टाकणार, असं वाटतं आणि तेवढ्यात त्याचा धीर सुटतो. चष्मा परत नाकावर, खांदे परत खाली. अंगावरचे कपडे तेच! मी त्याची दोन चित्रं शेजारी शेजारी काढतो. चेहरा ट्रेस करून तोच ठेवतो, बदलतो तो कणा. आणि भांग, कारण क्लार्कचा भांग सुपरमॅनच्या उलट्या बाजूला असतो. सहा फूट चार इंचांचा हा गडी क्लार्कच्या चित्रात स्वतःच्याच कोटात बुडालेला दिसला पाहिजे.

एवढं ताणूनही चेहरा ओळखू येतो, तो कसा?

कुठलाही चेहरा आपण बहुधा 'सर्वसाधारण' चेहऱ्याशी ताडून पाहतो आणि जिथे फरक पडतो तेच लक्षात ठेवतो. अर्कचित्रकार नेमका तो फरक वाढवतो. १९८७ मध्ये जिलियन रोड्स, सूझन ब्रेनन आणि सूझन कॅरी यांनी हे तपासलं होतं. ओळखीच्या माणसांची संगणकाने ताणलेली रेखाचित्रं लोकांनी हुबेहूब रेखाचित्रांपेक्षा लवकर ओळखली. सरसकट नाक मोठं करणाऱ्यांनी हे कुठेतरी लिहून ठेवावं.

पडद्यावर वुल्व्हरिन झालेला ह्यू जॅकमन उंच, कॉमिक्समधला वुल्व्हरिन बुटका. तुम्ही कोणाचं ऐकता?

नटाचं. कॉमिक्समधला वुल्व्हरिन पाच फूट तीन इंच, जॅकमन सहा फुटांच्या वर. त्याला दाबून बसका केला तर जॅकमनच हातचा जातो. कल्ले मात्र हवे तेवढे वाढवतो, तिथे दोघांचंही एकमत आहे.

स्पायडरमॅनचा तर अख्खा चेहराच झाकलेला!

मुखवटा काढून हातात देतो. टोबी मग्वायर मोठाल्या डोळ्यांवर उभा करायचा, अँड्र्यू गारफील्ड उभ्या केसांवर आणि लांब मानेवर, टॉम हॉलंड लहान चणीवर. २०२१ च्या चित्रपटात हे तिघं एकत्र आले, तसे एका चौकटीत काढायचे असतील तर मी हॉलंडला मधे घेतो. दोन्हीकडे वयाने मोठे गडी आले की त्याचं पोरगेलेपण आपोआप दिसतं.