बनाना की बनानाज?

प्रश्न : सर, मी यावलला घरीच आठवी-नववीची ट्यूशन घेते. वर्कशीटमध्ये बनाना काउंटेबल दिलंय, पण पोरांनी मोबाईलवर केकची रेसिपी काढली तर त्यात 'वन कप मॅश्ड बनाना', ना पुढे अ, ना मागे एस. आता पोरं विचारतात, मॅडम चूक कोणाची? आणि दाणे मोजता येत नाहीत म्हणून राइस अनकाउंटेबल, असं आपण शिकवतो ते तरी बरोबर आहे का?
– एक वाचक

उत्तर : ताई, चूक कोणाचीच नाही. केळं सालीसकट हातात आहे तोवर तो एक नग, म्हणून अ बनाना, टू बनानाज. कुस्करलं की नग संपला, उरला नुसता गर, आणि गराला इंग्रजीत अ पण लागत नाही आणि एस पण नाही. अंड्याचं तेच, उकडायला ठेवले ते टू एग्ज, शर्टावर सांडलं ते नुसतं एग. चिकनमध्ये तर हा अ फार महागात पडतो, 'आय एट चिकन' म्हणजे चिकन खाल्लं आणि 'आय एट अ चिकन' म्हणजे अख्खी कोंबडी एकट्यानं संपवली (आपल्याकडे असे गडी आहेत, ते सोडा). वांगी आणली ती टू ब्रिंजल्स, पण भाजून ठेचून भरीत झालं की 'देअर इज टू मच ब्रिंजल इन इट'. आणि २०१६ मध्ये जीआय (भौगोलिक मानांकन) मिळालं ते 'जळगाव बनाना' आणि 'जळगाव भरीत ब्रिंजल' या नावांनी, दोन्ही एकवचनी, कारण तिथे नग नाही तर वाण सांगायचाय.

राइसचं ते कारण मात्र मला कधीच पटलेलं नाही. मसुरीचा दाणा असा किती मोठा असतो, तरी लेंटिल्सला एस लागतो आणि राइसला नाही. व्हीट एकवचनी पण ओट्स अनेकवचनी, नूडल्स अनेकवचनी पण स्पगेटी एकवचनी, भाजीवाल्याकडे व्हेजिटेबल्स पण त्याच टोपलीतलं फ्रूट बहुतेक वेळा बिनाएसचं, फ्रूट्स म्हटलं की सहसा फळांचे प्रकार. आपण तरी काय करतो, गहू दळून आणले पण दादर (ज्वारी) दळून आणली, तांदूळ निवडले पण बाजरी निवडली, यात दाण्याच्या साइजचा काय संबंध? भाषेत जसं रुळलं तसं रुळलं. मटाराचा किस्सा तर भारीच आहे, इंग्रजीत पूर्वी 'पीज' हाच एकवचनी शब्द होता, शेवटी एस ऐकू येतोय म्हणजे हे अनेकवचन असणार असं लोकांना वाटलं आणि १७व्या शतकाच्या आसपास एस काढून 'पी' हा नवाच शब्द तयार झाला.

चहा-कॉफीला पोरं अडत नाहीत कारण भुसावळ स्टेशनवर आपण 'तीन चहा द्या' म्हणतो तसंच 'थ्री टीज' चालतं, कप म्हणायची गरज नाही. ब्रेडला मात्र जपा, पाकीट आणायला सांगताना आपण 'एक ब्रेड आण' म्हणतो पण पेपरात अ ब्रेड लिहिलं तर मार्क जाणार, तिथे अ लोफ ऑफ ब्रेड किंवा अ स्लाइस ऑफ ब्रेड.

वर्कशीटमध्ये शब्दांचे काउंटेबल-अनकाउंटेबल असे दोन रकाने असतात ना, ते मला विचाराल तर बंदच करा आणि पूर्ण वाक्यं द्या. लर्नर्स डिक्शनरीत शब्दापुढे सी (काउंटेबल) आणि यू (अनकाउंटेबल) छापलेलं असतं, चिकन उघडून दाखवा, तिथे दोन्ही सापडतील.